सोन्याखालचा खडू

श्रावणातल्या पौर्णिमेआधीच्या शुक्रवारी कर्नाटकात वरमहालक्ष्मीचं व्रत असतं. त्या आठवड्यात राजाजीनगरच्या बाजारातून धड चालता येत नाही. फुटपाथ मुळातच अरुंद. त्यावर केळीचे खुंट, आंब्याचे डहाळे, केवडा, शेवंतीचे ढीग आणि गजरा कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत हातावर मोजून देणाऱ्या बायका. भांड्यांच्या दुकानांत कलशावर बसवायचे देवीचे मुखवटे रांगेने मांडलेले. फ्रेमवाल्यांकडे तर अगदी दारातच, रस्त्यावरच्या गर्दीकडे तोंड करून, सोन्याने मढवलेल्या लक्ष्म्या उभ्या. मी मावसबहिणीकडे आले होते ती चार दिवस लोळत पडायला. पण ह्या लक्ष्म्या बघितल्या आणि ते बेत बाजूला राहिले.

राजाजीनगर हे प्रवाशाने मुद्दाम बघायला जावं असं ठिकाण नाही. चक्रवर्ती राजगोपालाचारी यांचं नाव दिलेली, स्वातंत्र्याच्या सुमारास आखलेली ही वस्ती. एका अंगाला कारखाने आणि दुसऱ्या अंगाला कामगारांची, कारकुनांची, मास्तरांची घरं. उभे रस्ते ‘मेन’, आडवे ‘क्रॉस’, आणि पत्ता सांगायचा म्हणजे नुसते आकडे सांगायचे. मेट्रोच्या हिरव्या मार्गावरची इथली ओळीने येणारी चार स्टेशनं म्हणजे महाकवी कुवेंपु रोड, राजाजीनगर, महालक्ष्मी आणि सँडल सोप फॅक्टरी. एक कवी, एक राजकारणी, एक देवी आणि एक साबण! ह्या भागाचं ह्याहून नेमकं वर्णन मला करता येणार नाही. टेकडीवर १९९७ साली उघडलेलं इस्कॉनचं भव्य मंदिर आहे, बाहेरगावचे लोक ते बघून परस्पर निघून जातात.

माझ्या मावसबहिणीचे, म्हणजे ताईचे सासरे नोकरीसाठी इकडे आले ते किर्लोस्करांच्या इलेक्ट्रिक कंपनीत. त्या काळी बरीच मराठी कुटुंबं अशीच ह्या बाजूला येऊन स्थिरावली. ताई स्वतः बँकेतून निवृत्त झाल्यावर तंजावर आणि म्हैसूर शैलीच्या चित्रांच्या वर्गाला जायला लागली. तिच्या देवघरात मी पूर्वी पाहिलेला रवी वर्मा छापाचा लक्ष्मीचा फोटो आता बाजूच्या भिंतीवर गेला होता. मधली जागा रिकामी होती.

“इथे काय लावणार?” मी विचारलं.

“माझी लक्ष्मी. अजून डोळे राहिलेत,” ताई म्हणाली. “चल ना उद्या माझ्याबरोबर. नुसती बसून राहा, कोणी काही म्हणत नाही.”

वर्ग म्हणजे एका घराचा पहिला मजला. खाली चपलांचा ढीग, जिन्यात तुळस, आणि वर हॉलमध्ये दोन लांब टेबलं. टेबलांवर फेव्हिकॉलचे डबे, खडूची भुकटी, चिकटपट्टी, जुन्या साड्यांचे तुकडे आणि प्लायवूडच्या फळ्यांवर अर्धेमुर्धे देव. कुणाच्या कृष्णाला नुसतं सोन्याचं लोण्याचं मडकं होतं, कृष्ण अजून पांढराच. कुणाच्या रामपट्टाभिषेकात सिंहासन झगमगत होतं, पण बसणाऱ्यांना चेहरे नव्हते. शिकणाऱ्या बहुतेक बायका साठीच्या आसपासच्या. त्यांत सॉफ्टवेअर कंपनीतली एक तरुण मुलगी आणि बी.ई.एल.मधून निवृत्त झालेले एक गृहस्थ. बोलणं कानडीत, मधेच इंग्रजीत, आणि मला कळावं म्हणून थोडं हिंदीत. शिकवणाऱ्या बाईंना सगळे ‘मॅडम’ म्हणत होते, ते गृहस्थसुद्धा.

तंजावर शैलीचं चित्र आपण नेहमी तयार झालेलं बघतो, त्यामुळे ते ‘रंगवलं’ असेल असं वाटतं. वस्तुतः रंग सगळ्यात शेवटी येतो. त्याच्या आधीचं काम सुताराचं, गवंड्याचं आणि सोनाराचं. जुन्या काळी फणसाच्या लाकडाची फळी घेत, आता प्लायवूड घेतात. फळीवर सुती कापड ताणून चिकटवायचं. त्यावर खडूची पूड आणि डिंक यांचे हात एकावर एक द्यायचे, वाळवायचे, घासून गुळगुळीत करायचे. पूर्वी चिकटवण्यासाठी चिंचोक्याची खळ असे. तमिळमध्ये ह्या चित्राला ‘पलगै पडम’ म्हणजे फळीवरचं चित्र म्हणतात ते ह्यामुळेच. मग आराखडा उतरवायचा. मग खडे: मुकुटाच्या मधोमध लाल, कमरपट्ट्याला हिरवे, कडेने पांढरे. हे खडे जयपूरहून येतात.

त्यानंतरचं काम मी खुर्ची जवळ ओढून बघत बसले. खडूची अगदी वस्त्रगाळ पूड आणि डिंक घोटून केलेल्या लेपाला तिथे सगळ्या ‘मक’ म्हणतात. तो फार पातळ झाला तर पसरतो, घट्ट झाला तर वाळल्यावर तडकतो. ताईने बारीक ब्रशच्या टोकावर त्याचा थेंब उचलला आणि लक्ष्मीच्या गळ्यातल्या हारावर ठेवला. ब्रश कापडाला टेकवायचा नाही, थेंबच टेकवायचा. थेंब बसला की ब्रश सरळ वर. शेजारी दुसरा, त्याला खेटून पण त्यात न मिसळेल असा. दहाबारा दाणे झाले की थांबून ती मान तिरकी करून बघे. एखादा दाणा मोठा झाला असेल तर टाचणीने तिथल्या तिथे काढून टाके. हाराचे दाणे, मग त्याच्या बाहेरून वळणारी वेल, मग खड्यांभोवतीची कोंदणं. तासाभरात वीतभर हार झाला. एवढं करून दिसत होतं काय, तर पांढऱ्या कापडावर पांढरे दाणे. उजेड तिरपा पडला तरच ते कळत.

हे वाळलं की त्यावर सोन्याचा पत्रा. पत्रा म्हणजे कागदाला लागून येणारा पातळ २२ कॅरटचा वर्ख. मॅडमनी हाराच्या आकाराचा तुकडा कापला, डिंकाचा हात दिलेल्या दाण्यांवर ठेवला आणि मऊ कापडाच्या बोळ्याने दाबत गेल्या. खालचा एकेक दाणा वर उमटत आला. खड्यांवरचं सोनं बारीक सुरीने गोल कापून काढलं तेव्हा आतून लाल डोकावला. आत्तापर्यंत कुठेच नसलेला दागिना एकाएकी अंगावर चढला. सोनं केसाहून बारीक. वजन, उठाव, भरघोसपणा सगळा खडूचा. मंदिराच्या गाभाऱ्यात किंवा घरच्या देव्हाऱ्यात, समईच्या हलत्या उजेडात हे चित्र बघायचं असतं हे तेव्हा नीट समजलं. ट्यूबलाइटखाली ते नुसतं चमकतं. ज्योत हलली की दाण्यांच्या सावल्या हलतात आणि दागिने अंगावर सळसळल्यासारखे वाटतात.

“ही झाली तंजावर,” मॅडम म्हणाल्या. “आता म्हैसूर दाखवते. पंखा बंद करा.”

पंखा बंद करायचं कारण म्हणजे म्हैसूर शैलीतला वर्ख इतका तलम की श्वासानेही उडतो. दोन्ही शैली एकाच आईच्या. १५६५ च्या लढाईत विजयनगर कोसळलं आणि तिथले चित्रकार आश्रयाच्या शोधात पांगले. काही श्रीरंगपट्टणला आणि म्हैसूरला गेले, काही तंजावरला. बंगळुरापासून जवळ, आंध्रात लेपाक्षीच्या वीरभद्र मंदिरात छतावर विजयनगरची चित्रं अजून आहेत. मोठ्या डोळ्यांची, एका बाजूने काढलेल्या चेहऱ्यांची, सोन्याशिवायची. त्यातून फुटलेल्या दोन वाटा मॅडमच्या टेबलावर शेजारी शेजारी होत्या. तंजावरची लक्ष्मी गुबगुबीत, समोर बघणारी, गडद लाल पडद्यापुढे बसलेली, खडे आणि जाड उठाव यांनी लगडलेली. म्हैसूरची लक्ष्मी सडपातळ. तिच्यात खडे नाहीत. उठाव इतका कमी की बोट फिरवल्यावरच समजावा. रंग मंद. पण साडीच्या जरीतली वेलबुट्टी, मागच्या झाडाचं पान न् पान, पायाखालच्या गालिच्याची नक्षी असं सगळं रेघेने सांगितलेलं.

जुन्या म्हैसूर पद्धतीची कृती ऐकताना मी वहीच काढली. चिंचेच्या वाळक्या काटक्या लोखंडी नळीत भाजून कोळसा करायचा आणि त्याने आराखडा काढायचा. उठावासाठी सफेता, डिंक आणि रेवाचिनीचा पिवळा रस. ब्रश खारीच्या केसांचा. चित्र पुरं झालं की त्यावर पातळ कागद ठेवून खालून गुळगुळीत दगडाचा आधार द्यायचा आणि वरून एका खास मऊ दगडाने घोटायचं, म्हणजे सोन्याला झळाळी येते. ही कृती आज वर्गात जशीच्या तशी कुणी करत नाही. सफेता म्हणजे शिशापासून केलेली पांढरी पूड, ती विषारी. कोळशाची जागा पेन्सिलने घेतली आहे. मॅडमना त्याचं वाईट वाटत नव्हतं. मात्र एका बाबतीत त्या फार कडक होत्या. त्याबद्दल पुढे सांगते.

दुसऱ्या दिवशी ताईला उपासाची तयारी होती म्हणून मी एकटीच निघाले. राजाजीनगरला लागूनच मल्लेश्वरम आहे, १८९८ च्या प्लेगनंतर मोकळ्या हवेसाठी वसवलेलं. तिथे झाडीत, थोडं उंचावर, काडु मल्लेश्वराचं देऊळ आहे. काडु म्हणजे रान. आता रान उरलेलं नाही, पण झाडं पुष्कळ आहेत आणि पिंपळाखाली नागांचे दगड ओळीने आहेत. हे देऊळ एकोजीराजे भोसल्यांनी बांधलं असं सांगतात. १६६९ च्या शिलालेखात त्यांनी देवासाठी गाव दिल्याची नोंद आहे. मराठी माणसाला बंगळुरात पोचल्यावर बहुधा आय.टी. आठवतं, शहाजीराजे आठवत नाहीत. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजांनी हा मुलूख घेतला आणि बंगळूर त्यांच्या जहागिरीचं ठाणं झालं. त्यांची समाधीही कर्नाटकातच आहे, होदिगेरेला. त्यांच्या मागे बंगळूर आलं एकोजींकडे, म्हणजे शिवाजी महाराजांच्या सावत्र भावाकडे.

तेच एकोजी १६७५-७६ च्या सुमारास तंजावरला गेले आणि नायकांची गादी त्यांनी घेतली. बंगळूर सांभाळणं मग जड झालं. १६८७ मध्ये ते मोगलांच्या हाती पडलं आणि तिथून तीन लाख रुपयांत म्हैसूरच्या चिक्कदेवराज वाडियारांकडे गेलं. म्हणजे ह्या देवळाच्या पायऱ्यांवर बसलं की दोन्ही शैलींच्या आश्रयदात्यांची घराणी एका व्यवहारात समोर येतात. बंगळूर सोडणारे भोसले पुढे तंजावर चित्रांचे धनी झाले आणि बंगळूर विकत घेणारे वाडियार म्हैसूर चित्रांचे.

तंजावरला भोसल्यांचं राज्य १८५५ पर्यंत टिकलं. तंजावर चित्र आज ज्या रूपात आपण ओळखतो ते बऱ्याच अंशी ह्या मराठी दरबाराच्या काळात घडलं. चित्रं काढणारे होते तिथले राजू घराण्यांतले लोक, तेलुगू बोलणारे, देव दक्षिणेचे, भोवतीची भाषा तमिळ, आणि पैसा मराठी राजाचा. त्यातला सगळ्यात मोठा रसिक म्हणजे सरफोजीराजे दुसरे. ते १७९८ मध्ये गादीवर आले. श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली वाढलेले, सरस्वती महालातल्या ग्रंथांत रमणारे, वैद्यकाचा नाद असलेले. तिथल्या बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर १८०३ मध्ये त्यांनी भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. तमिळनाडूच्या मध्यात, चोळांच्या देवळावर, पानंच्या पानं भरतील एवढी मराठी! त्यांच्या काळच्या चित्रांत पाश्चात्त्य झुंबरं येतात, देवाच्या डोक्यावर पंख असलेली बाळं उडताना दिसतात, कृष्ण कधी चक्क गोरा असतो आणि लोड-तक्क्यांवर दरबारी ऐटीत बसतो.

पण १७९९ हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये सरफोजीराजांनी तह करून राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला. त्यांच्याकडे उरला किल्ला, मान आणि तनखा. त्याच वर्षी जूनमध्ये, टिपू पडल्यावर, कंपनीने पाच वर्षांच्या एका मुलाला म्हैसूरच्या गादीवर बसवलं. ते मुम्मडि कृष्णराज वाडियार. पुढे १८३१ मध्ये कंपनीने त्यांच्याही हातचा कारभार काढून घेतला. म्हैसूर शैलीचा सुवर्णकाळ ह्याच राजाचा. देवतांच्या रूपांची मोजदाद करणारा ‘श्रीतत्त्वनिधि’ हा सचित्र ग्रंथ त्यांनी सिद्ध करवला. त्याचे नऊ भाग आहेत, नऊ निधी. प्रत्येक देवतेचा ध्यानश्लोक, म्हणजे रंग कोणता, हात किती, कुठल्या हातात काय, आणि त्यावरून काढलेलं चित्र. गणपतीची ३२ रूपं ह्यात आहेत, आणि कौतुकनिधीत १२२ योगासनंसुद्धा! १८६१ मध्ये त्यांनी बांधलेल्या जगन्मोहन महालाच्या रंगमहालात भिंतीच्या भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत.

फौज नाही, सारा नाही, लढाई नाही. दरबार मात्र आहे. अशा दोन राजांनी उरलेला पैसा आणि उरलेलं आयुष्य देवांच्या अंगावर सोनं चढवण्यात घातलं. राज्य हाती असताना राजे किल्ले बांधतात. ह्या दोघांना फळ्या आणि कागद होते. तंजावरचे ते भरगच्च मुकुट बघताना आता मला त्या दरबारांची पोकळीही दिसायला लागली आहे. देवाला सिंहासन, छत्र, चवऱ्या, मंडप हे सगळं राजाचं वैभव देऊन टाकलेलं. आणि ज्यांनी ते दिलं त्यांच्याकडे द्यायला तेवढंच शिल्लक होतं.

जुनी म्हैसूर चित्रं बघायची तर बंगळुरात कुमारकृपा रोडवरच्या चित्रकला परिषदेत जावं. ही संस्था १९६० ची. एम. एस. नंजुंड राव यांनी ती वाढवली आणि म्हैसूर शैलीची जुनी चित्रं तिथे जमवली. जानेवारीत तिथल्या रस्त्यावर ‘चित्र संते’ भरते. तेव्हा सगळा रस्ता चित्रांचा बाजार होतो. मी गेले तेव्हा दालनात जवळजवळ कुणी नव्हतं. जुन्या चित्रांपाशी पहिल्यांदा जाणवतो तो त्यांचा आकार. एवढी झगमग ऐकून मोठी चित्रं अपेक्षित असतात, आणि समोर येतात मांडीवर घेता येतील अशी. एका देवीच्या चित्रापाशी मी बराच वेळ होते. सोनं जागोजागी मळलेलं, कागद तपकिरी. पण तिचा उजवा हात, अभयमुद्रेतला! अंगठ्यापासून मनगटापर्यंत एकच रेघ, कुठेही न उचललेली, करंगळीपाशी किंचित जाड होऊन पुन्हा बारीक होणारी. ती काढणाऱ्या माणसाचं नाव चित्रावर नाही. बहुतेक चित्रांवर नसतं. चित्रगार, म्हणजे म्हैसूरकडचे हे पारंपरिक चित्रकार, सही करत नसत, आणि राजाला ती नकोही होती.

मग हे सगळं ओसरलं का? आश्रय गेला हे एक कारण. १८५५ मध्ये तंजावरचे शेवटचे राजे पुत्राविना वारले आणि कंपनीने संस्थान खालसा केलं. मुम्मडि १८६८ मध्ये गेले. पण दुसरं कारण आपल्या घरात टांगलेलं आहे. राजा रवी वर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून लक्ष्मी, सरस्वती, दत्त हजारोंनी छापून निघाले आणि ज्यांच्या घरी कधी चित्रातला देव येण्याची शक्यता नव्हती त्यांच्या घरी तो परवडेल अशा किमतीत आला. देव माणसांसारखे दिसायला लागले. साडी नेसलेली लक्ष्मी कमळावर उभी राहिली. मराठी देवघरांनी तिला पूर्णपणे आपलं म्हटलं. तंजावरला मराठी राजाच्या पैशाने घडलेली लक्ष्मी मात्र महाराष्ट्राच्या देवघरात कधी पोचलीच नाही. ताईच्या भिंतीवर त्या दोघींनी जागांची अदलाबदल केली आहे ती आता. एवढ्या काळाने, आणि तीही राजाजीनगरमध्ये.

बाजार आज पुन्हा चांगला आहे. २००५-०६ मध्ये म्हैसूरच्या पारंपरिक चित्रांना आणि त्यानंतर तंजावर चित्रांना भौगोलिक मानांकन मिळालं. सरकारी ‘कावेरी’ एम्पोरियममध्ये चित्रं विकायला असतात. नकली पत्रा वापरलेली स्वस्त चित्रंही भरपूर फिरतात. ती काही वर्षांत काळी पडतात. फ्रेमवाल्याने मला ओळखायची खूण सांगितली ती अशी: खरा वर्ख बाजूने बघितला तरी एकच रंग दाखवतो, नकलीत तांबूस किंवा हिरवट झाक येते. शिवाय घरपोच मिळणारे संच निघाले आहेत. त्यात फळी, छापलेला आराखडा, खडे, पत्रा, रंग सगळं येतं. आपण फक्त भरायचं.

इथेच मॅडमचा कडकपणा. वर्गात शेवटच्या अर्ध्या तासाला फळ्या बाजूला ठेवायच्या आणि साध्या कागदावर पेन्सिलने हात काढायचे. आराखडा छापायचा नाही, कार्बन घ्यायचा नाही. अभयमुद्रा, वरदमुद्रा, कमळ धरलेला हात. सगळ्यांना हा अर्धा तास नकोसा वाटतो, ताईलाही.

“आम्ही काय आता चित्रकार होणार आहोत का, मॅडम?” त्या बी.ई.एल.वाल्या गृहस्थांनी विचारलं.

“तुम्ही नाही झालात तर कोण होणार, सर?” मॅडम म्हणाल्या. “माझ्याकडे दुसरं आहेच कोण?”

वर्गात हशा पिकला, पण त्या गंमत करत नव्हत्या. पूर्वी मुलगा बापाकडे दहा वर्षं बसून रेघ शिकायचा आणि पोटाची काळजी दरबार करायचा. आता दरबारही नाही आणि चित्रगाराचा मुलगाही बहुधा दुसऱ्या नोकरीत आहे. जे आहेत ते हे लोक, निवृत्तिवेतनातून फी भरणारे, गुडघेदुखी सांभाळत जिना चढून येणारे. चित्राचा खर्च करणारा, चित्र काढणारा आणि चित्राची पूजा करणारा ही तीन माणसं दोनशे वर्षं वेगवेगळी होती. राजा पैसे देई, राजू किंवा चित्रगार काढी, पुजारी ओवाळी. राजाजीनगरच्या ह्या पहिल्या मजल्यावर तिन्ही कामं एकच बाई करते. सही करायचीही तिला मुभा आहे. ताईने लक्ष्मीच्या पायापाशी कोपऱ्यात नाव घातलंय, मराठीत.

हौसेची कला म्हणून ह्या वर्गांना नाकं मुरडणारे जाणकार मला चित्रकला परिषदेत भेटले. त्यांचं निम्मं खरं आहे. छापील आराखड्यावर खडे चिकटवून परंपरा टिकत नाही, टिकतो तो पत्र्याचा धंदा. त्या जुन्या अभयमुद्रेसारखी रेघ मला वर्गात कुणाच्याही कागदावर दिसली नाही. पण उरलेलं निम्मंही बघायला हवं. संग्रहालयातल्या चित्रापुढे कुणी दिवा लावत नाही. ते जपलं जातं, वापरलं जात नाही. वर्गातली लक्ष्मी डोळे काढून झाले की घरी जाते आणि शुक्रवारी तिच्यापुढे कलश मांडतात. चित्राला गिऱ्हाईक आहे, देव्हाऱ्यात जागा आहे, सोनं बाजारात मिळतं. कमी आहे ती फक्त रेघ, आणि तीच विकत मिळत नाही.

व्रताच्या आदल्या दिवशी डोळे झाले. डोळे सगळ्यात शेवटी काढायचे ही दोन्ही शैलींची रीत. मूर्तिकारही हीच पाळतात. मॅडमनी ताईला ते स्वतः काढायला लावले. डावा डोळा एक केसभर वर गेला आहे. ताईला तो दुरुस्त करून हवा होता, मॅडमनी ब्रश हातात घेतला नाही. म्हणाल्या, “पुढच्या वर्षी दुसरी काढा. तोवर रोज हात काढा, निदान पाच.” ताईने पिशवीतून वही काढून ते लिहून घेतलं, दुधाच्या हिशोबाखाली.

दोन राज्यहीन राजांनी जी कला एवढी उंच नेली, ती आता कुठल्याही राजाशिवाय चालवायची आहे. ह्याचा खर्च सोन्यात येत नाही. तो येतो त्या शेवटच्या अर्ध्या तासात, जो सगळ्यांना नकोसा वाटतो. तो अर्धा तास वर्गात टिकला तर रेघ पुन्हा येईल. आणि तो गाळला तर राजाजीनगरच्या दुकानांत लक्ष्म्या पुष्कळ असतील, फक्त सगळ्या एकाच छापाच्या.